विश्लेषण : पलूसमध्ये कोणती मुंगी पाळता येते? आणि कोणती घरात आणू नये?

जूनचा पहिला चांगला पाऊस झाला की पलूसमध्ये रस्त्यावरच्या दिव्यांखाली पंखवाल्या किड्यांचा सडा पडतो. बहुतेकांच्या लेखी ती एका रात्रीची कटकट. मुंग्या पाळण्याचा छंद असलेल्यांसाठी मात्र वर्षातली हीच मोठी संधी. राणीशिवाय मुंग्यांची वसाहत उभी राहत नाही आणि नुकतेच मीलन झालेली राणी जमिनीवर हिंडताना सापडते ती अशाच दिवसांत.

त्या सड्यात वाळवीच जास्त असते. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड आणि मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या.

पावसाचीच वाट का?

पलूस सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. मे महिन्यात कडक झालेल्या जमिनीत एकट्या राणीला बीळ कोरता येत नाही. पावसाने माती मऊ होते, हवा दमट होते आणि एकाच जातीच्या अनेक वारुळांतून नर व राण्या एकाच सुमारास बाहेर पडतात. त्यामुळे मीलन दुसऱ्या वारुळातल्या नराशी होण्याची शक्यता वाढते.

या भागात नवशिक्याला सर्वांत सोयीचा मुंगळा, म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. उसावरच्या किंवा शेवग्यावरच्या माव्याचा गोड चिकटा चाटताना दिसतो तो हाच. त्याची राणी बिळात स्वतःला कोंडून घेते आणि काही न खाता पहिली पिल्ले वाढवते. निकामी झालेले पंखांचे स्नायू आणि साठवलेली चरबी यांवरच ती भागवते. म्हणून तिला फक्त एक काचेची परीक्षानळी, कापसामागे अडवलेले पाणी आणि अंधार लागतो. साधारण महिना-दीड महिन्यात पहिले, आकाराने अगदी लहान कामकरी बाहेर येतात. मग साखरपाणी आणि मेलेला किडा.

छंदाची बरीचशी मार्गदर्शक माहिती युरोपातून येते. तीत हिवाळ्यात मुंग्यांना काही महिने फ्रिजच्या थंडीत ठेवायला सांगितलेले असते. थंड देशांतल्या मुंग्यांना ते लागते, मुंगळ्याला नाही. तो फ्रिजमध्ये गेला तर मरण्याचीच शक्यता जास्त. पलूसमध्ये खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते. पत्र्याच्या खोलीत नळी भराभर सुकते आणि वसाहत अक्षरशः भाजून निघते. घरात माठ ठेवायची जी थंड जागा असेल, तीच नळीसाठीही चांगली.

सोपी मुंगी, चुकीची मुंगी

कृष्णेच्या पाण्याने इथली जमीन बदलली. ऊस आणि द्राक्षामुळे माती बारमाही ओली राहते आणि वारंवार उकरली जाते. माणसाने हलवलेली अशी जमीन काही भटक्या मुंग्यांना फार मानवते. त्यांच्या वसाहतीत अनेक राण्या असतात आणि बऱ्याच जातींत मीलन घरट्यातच उरकते. नवी वसाहत करायला पावसातली भरारी लागत नाही. घरट्याचा एखादा तुकडा, दोन-चार राण्या आणि रोपाची कुंडी एवढे पुरते.

काळसर डोके आणि फिकट पोट असलेली दीड मिलिमीटरची घोस्ट अँट अशीच घरोघर पोहोचली. सैरावैरा धावणारी, लांब पायांची वेडी मुंगीही तशीच. ही मूळची आशियातलीच असावी. म्हणजे जगभर उपद्रवी ठरलेली प्रत्येक मुंगी इथे परकी असतेच असे नाही.

सोलेनॉप्सिस जेमिनाटा ही फायर अँट मात्र निःसंशय परकी आहे. ती मूळची उष्ण अमेरिकेतली. सोळाव्या शतकात स्पॅनिश व्यापारी जहाजांतून ती आशियात आली, असे जनुकीय अभ्यासातून दिसते. आज ती भारतातही पसरली आहे. तिचा डंख आग लावतो आणि मागे फोड ठेवतो. हवाईतल्या उसाच्या शेतांत तिने ठिबकच्या नळ्या कुरतडल्याची नोंद आहे. पलूसच्या शेतकऱ्याने ती वाचायला हवी.

गंमत अशी, की याच मुंग्या पाळायला सोप्या असतात. मिळेल ते खातात, पटकन वाढतात. आणि तितक्याच सहज डब्याच्या फटीतून निसटतात.

घरातल्या डब्यापुरता प्रश्न आहे का?

तमिळनाडूत दिंडीगुल जिल्ह्यातल्या करंतमलै टेकड्यांजवळच्या गावांत २०२२ मध्ये पिवळ्या वेड्या मुंग्यांनी गुराढोरांसकट लोकांना हैराण केले. ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटावर याच मुंगीने लाल खेकडे कोट्यवधींच्या संख्येने मारले. मुंगी एकदा पसरली की परत गोळा करता येत नाही.

म्हणून राणी आपल्याच परिसरातली घ्यावी, कुरिअरने दुसऱ्या राज्यातून मागवू नये. परदेशातून जिवंत कीटक आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना लागतो. पलूसला लागून असलेल्या सागरेश्वर अभयारण्यातून वन विभागाच्या परवानगीशिवाय मुंगीही उचलता येत नाही. केनियात ५,००० च्या आसपास राण्या नळ्यांत भरून नेऊ पाहणाऱ्या दोन बेल्जियन तरुणांना २०२५ मध्ये दहा लाख शिलिंगचा दंड झाला.

छंद सोडायचा झाला, तर मुंगळ्याची वसाहत पावसाळ्यात, राणी जिथे सापडली तिथेच सोडता येते. फायर अँट किंवा घोस्ट अँट चुकून डब्यात वाढली असेल, तर ती बांधावर झटकू नये. झाकण घट्ट लावून डबा दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवावा.