तक्रार आपल्याच गावात

समजा, तुम्ही राहता इंदूरला. पुण्याच्या दुकानातून ऑनलाइन मिक्सर मागवला, तो बिघडलेला निघाला आणि दुकानदार आता फोनच उचलत नाही. मग काय पुण्याला खेटे घालायचे? मुळीच नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने फार मोठी सोय केली आहे: तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता, तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. १९८६च्या कायद्यात ही मुभा नव्हती. वस्तूसाठी मोजलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. हवाच असेल तर १५१०० वर विचारा. महिलांना, उत्पन्न कितीही असो, तो मोफत मिळतो. हे फार थोड्यांना माहीत असतं!

आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोला, पुष्कळदा तिथेच मिटतं. पण त्या भरवशावर बसून राहू नका. आयोगात जायची मुदत दोन वर्षांची आहे, आणि हेल्पलाइनच्या तक्रारीने ती थांबत नाही. बिल, पैसे भरल्याची पावती, चॅट, सगळं जपून ठेवा. आणि खात्यातूनच पैसे उडवले असतील, तर आयोगाचं नंतर बघू. त्याच मिनिटाला १९३० लावा.