झॅमल भाषेत वर्गाच्या गुणधर्मांचे एक्सएमएल माहितीशी बंधन : जिल्ह्याच्या नामांतराच्या संदर्भात

प्रस्तावना :

२४ फेब्रुवारी २०२३ रोजी उस्मानाबाद शहराच्या 'धाराशिव' या नावास केंद्र शासनाची मान्यता मिळाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य शासनाच्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका यांची नावे बदलली. रेल्वे स्थानकाचे नाव २०२५ मध्ये बदलले. एकच शब्द चार ठिकाणी होता. तो एकाच दिवशी बदलला नाही. महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जाच्या आज्ञावलीत हे नाव प्रत्येक पडद्यावर स्वतंत्रपणे लिहिलेले असेल, तर 'शोधा आणि बदला' ही आज्ञा धोक्याची ठरते. नाव माहितीत एकदाच लिहावे आणि पडद्याने ते तेथून घ्यावे, हा त्यावरील उपाय होय. प्रस्तुत लेखात या उपायाचे तंत्र स्पष्ट केले आहे.

बंधनाचे स्वरूप :

एक्सएमएल या भाषेला १९९८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमची शिफारस मिळाली. तिच्यात खुणांची नावे देवनागरीतही लिहिता येतात :

<जिल्हा क्रमांक="२५" नाव="धाराशिव">
<तालुका क्रमांक="१" नाव="भूम"/>
<तालुका क्रमांक="२" नाव="परंडा"/>
</जिल्हा>

येथील २५ हा अंक वाहन नोंदणीच्या 'एमएच-२५' वरून घेतला आहे. नामांतरानंतरही तो तसाच राहिला. स्थानकाचा अक्षरी सांकेतांक मात्र नावाबरोबर बदलला. ओळख पटविण्यासाठी अर्थहीन अंक बरा, असे यावरून म्हणता येते.

झॅमल ही मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये डब्ल्यूपीएफ प्रणालीसोबत आणलेली घोषणात्मक भाषा आहे. तिच्यात पडदा कसा रंगवावा हे सांगावे लागत नाही. पडद्यावर काय असावे व ते कोठून यावे, एवढेच घोषित करावयाचे असते. बंधनाचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात पडद्यावरील चौकट एक्सपाथच्या साहाय्याने थेट एक्सएमएलमधील 'नाव' या ॲट्रिब्यूटशी जोडली जाते. दुसऱ्यात 'जिल्हा' नावाचा वर्ग तयार करून एक्सएमएलमधील मूल्य त्याच्या 'नाव' या गुणधर्मात भरले जाते आणि चौकट त्या गुणधर्माशी बांधली जाते. नुसती यादी दाखवावयाची असल्यास पहिला मार्ग पुरेसा आहे. अर्जातील नोंदी तपासून घ्यावयाच्या असतील, तर दुसराच योग्य. कारण तपासणीचे नियम वर्गात ठेवता येतात. मात्र मूल्य बदलताच वर्गाने 'प्रॉपर्टी चेंज्ड' ही सूचना दिली पाहिजे. ती न दिल्यास वर्गात 'धाराशिव' आणि पडद्यावर 'उस्मानाबाद' अशी विसंगती राहते.

नवशिक्यांना अधिक छळणारी चूक वेगळीच आहे. एक्सएमएल माहिती झॅमलच्या धारिकेतच लिहिली आणि तिचे नामावकाश रिकामे घोषित केले नाही, तर ती झॅमलच्या नामावकाशात जाते व एक्सपाथला काहीच सापडत नाही. आज्ञावली थांबत नाही, पडद्यावर त्रुटीही दिसत नाही. केवळ चौकट रिकामी राहते. (विद्यार्थी अशा वेळी बहुधा टंकाला दोष देतात.)

बंधन कोठे नसावे :

बंधनाचा मोह प्रत्येक ठिकाणी धरू नये. २०१९ मध्ये दिलेल्या दाखल्यावर 'उस्मानाबाद' असे छापले असेल, तर त्याच्या कार्यालयीन प्रतीतही तेच दिसले पाहिजे. दाखल्याचा पडदा जिल्ह्याच्या चालू नावाशी बांधला, तर जुना दाखला उघडताच त्यावर नवे नाव येईल आणि विद्यार्थ्याजवळील कागद व कार्यालयातील नोंद यांचा मेळ बसणार नाही. झॅमलमध्ये 'वनटाइम' हा एकदाच मूल्य घेणारा प्रकार आहे. परंतु पडदा पुन्हा उघडल्यावर तोही मूल्य नव्यानेच वाचतो. म्हणून दाखला देतानाच त्या दिवशीचे नाव त्याच्या स्वतःच्या नोंदीत लिहून ठेवावे, आणि दाखल्याचा पडदा त्या नोंदीशी बांधावा. जिल्ह्याच्या यादीशी बांधावयाचा तो नव्या अर्जाचा पडदा.