हरळी की कुर्डू? शाळेच्या बागेसाठी दोन वनस्पतींची तुलना



जून उजाडला की शाळेसमोरच्या मोकळ्या जागेचा विषय निघतोच. कुणी म्हणतं लॉन करूया, शाळा कशी हिरवीगार दिसेल. कुणी म्हणतं फुलझाडं लावूया. आपल्या कडेगाव तालुक्यात ह्या प्रश्नाला एक तिसरी बाजू आहे, ती म्हणजे पाणी. म्हणून आज दोन अगदी ओळखीच्या वनस्पती समोरासमोर ठेवून बघू. एक हरळी, म्हणजेच गणपतीला वाहतो ती दूर्वा. दुसरा कुर्डू, बांधावर आणि ज्वारी-बाजरीच्या रानात श्रावण-भाद्रपदात गुलाबी-पांढरे तुरे घेऊन उभा राहतो तो.

गंमत अशी की शेतकऱ्याच्या लेखी दोन्ही तणंच. खुरपणीला गेलेल्या बाईला विचारा, ती दोघांना सारख्याच शिव्या घालेल! पण हरळीला जास्त, कारण कुर्डू उपटला की संपतो आणि हरळी उपटली तरी संपत नाही. ह्या एका फरकातच बागेचं बरंचसं गणित दडलेलं आहे.

हरळीचं शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. ती बहुवर्षायू आहे. जमिनीवरून धावणारी खोडं आणि जमिनीखालून सरकणारी खोडं, अशा दोन वाटांनी ती पसरते. प्रत्येक पेराला मुळं फुटतात, म्हणून तुकडा राहिला तरी नवं झाड तयार. कुर्डू म्हणजे सेलोशिया अर्जेन्शिया, राजगिरा आणि माठाच्या कुळातला. आपल्या बागेत लावतो तो कोंबडा ह्याचाच लागवडीतला भाऊ. कुर्डू एका हंगामाचा पाहुणा. पावसाबरोबर उगवतो, फुलतो, काळं चकचकीत बारीक बी टाकतो आणि वाळून जातो. त्याचं पुढचं वर्ष फक्त बियांत असतं.

आता बघा, ह्यामुळे माळीकाम कसं उलटं होतं. लॉन म्हणजे काय, तर ज्या गवताला आपण कधी फुलू देत नाही ते गवत. वाढलं की कापायचं. हरळीलाही फुलोरा येतो, हाताची बोटं पसरावीत तसे तीन-चार-पाच बारीक तुरे. पण लॉनवर तो दिसला की आपल्याला वाटतं कापणी चुकली. कुर्डूचं नेमकं उलटं. त्याला बी धरेपर्यंत हात लावायचा नाही. डिसेंबरात तो वाळून करडा पडला, दिसायला ओंगळ झाला, तरी बी पक्व होईपर्यंत थांबायचं. ज्या शाळेत पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी सगळं साफ करतात, तिथं कुर्डू टिकणार नाही. बी पडायच्या आधी उपटला तर पुढच्या वर्षी ती जागा गाजरगवत घेतं.

पाण्याचा हिशोब मुलांकडूनच करून घ्या, पाचवी-सहावीची मुलं सहज करतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद लॉन म्हणजे १०० चौरस मीटर. उन्हाळ्यात गवत हिरवं ठेवायचं तर रोज साधारण ५ मिलिमीटर पाणी धरा. झाले रोजचे ५०० लिटर. मार्च ते मे ह्या ९२ दिवसांचे ४६,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेचार टँकर. आता दोनशे पटाच्या शाळेत प्रत्येक मुलाला प्यायला दोन लिटर धरले तर रोजचे ४०० लिटर होतात. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि मुलांना नुसतं बघू द्या.

कडेगाव हा पर्जन्यछायेतला भाग. ताकारी आणि टेंभू योजनांमुळे कृष्णेचं पाणी वर उचलून आपल्या रानात आलं, ऊस दिसायला लागला, हे खरं. पण ते पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने चढवून आणलेलं आहे, आणि ते कालव्याला असतं, शाळेच्या टाकीला नाही. शाळेच्या टाकीचं दुखणं मार्चनंतर काय असतं ते आपण सगळे जाणतो.

इथं हरळीवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. हरळी मुळात पाणीखाऊ नाही. उलट ती फार चिवट. ऊस, ज्वारी, मका ह्यांच्यासारखीच ती कडक उन्हात अन्न तयार करण्यात पटाईत आहे. पाणी तुटलं की वरून वाळते, पिवळी पडते, पण जमिनीखाली जिवंत राहते आणि पहिल्या पावसाला पुन्हा हिरवी होते. पाणी पितो तो आपला हट्ट, की एप्रिलमध्येही ती हिरवीच दिसली पाहिजे. फोटोत बरी दिसते म्हणून! पिवळी हरळी चालवून घेणार असाल तर वरचा हिशोब निम्म्याहून खाली येतो. नर्सरीत चौरस फुटावर मिळणारे मऊ गालिचे मात्र एवढे सोशिक नसतात, ते इथं आणू नयेत असं माझं मत.

मग हरळी लावावीच का? लावावी, कारण एक काम कुर्डूला कधीच जमणार नाही. पोरं त्यावर बसू शकत नाहीत, पळू शकत नाहीत. हरळी तुडवलेली सोसते, माती धरून ठेवते, परिपाठाच्या वेळी धूळ उडू देत नाही. तिची एकच अट, ऊन. कडुलिंबाच्या किंवा वडाच्या दाट सावलीत ती विरळ होत जाते. लावायची तर जूनअखेर ते जुलैत. माती वीतभर भुसभुशीत करून लव्हाळ्याच्या गाठी वेचून टाकायच्या (हे काम टाळलं तर लॉन लव्हाळ्याचंच होतं), आणि हरळीच्या काड्या चार-चार बोटांवर डोबायच्या. दोन-अडीच महिन्यांत जमीन झाकते.

कुर्डूला एवढा सोपस्कार नाही. गेल्या वर्षीचे वाळलेले तुरे कागदावर झटकायचे, बी राखेत किंवा बारीक वाळूत मिसळायचं आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर मुरमाड जमिनीवर फेकायचं. वरून पातळशी माती. खत घालू नका. हे पालकांना पटत नाही, पण कास पठार आठवा. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेलेलं ते पठार फुलतं ते कातळावरच्या पातळ मातीत. भरपूर माती आणि खत असतं तर उंच गवत आणि झुडपांनी त्या लहान फुलांना केव्हाच झाकून टाकलं असतं. आपल्या बागेतही तेच होतं. खताचा फायदा आधी दांडगं गवत उचलतं.

विज्ञानाच्या तासाला ही जोडी म्हणजे आयता तक्ता. हरळी एकदल, कुर्डू द्विदल. एकीची मुळं तंतुमय, दुसऱ्याचं सोटमूळ. एकीच्या पानावर समांतर शिरा, दुसऱ्याच्या पानावर जाळी. हरळीचं परागण वारा करतो, म्हणून तिला रंग नको, मध नको. कुर्डूकडे मधमाश्या आणि निळी छोटी फुलपाखरं येतात. सप्टेंबरात सुतळीने एक-एक मीटरचे दोन चौकोन आखा, एक हरळीवर, एक कुर्डूच्या वाफ्यात. दोन मुलं एकेका चौकोनाशी दहा मिनिटं बसवा आणि येणारे कीटक मोजायला सांगा. रोज एकाच वेळी, आठवडाभर. नोंदवही मुलांची, अक्षर मुलांचं, आपण बोलायचं नाही. पुढे देवराष्ट्रेजवळच्या सागरेश्वर अभयारण्यात सहल नेली तर तोच सुतळीचा चौकोन तिथंही टाकून बघता येतो. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उजाड डोंगरावर उभं राहिलेलं हे रान मुलांनी तसंही बघायलाच हवं.

कुर्डूचे तोटेही सांगतो. जानेवारी ते जून ती जागा मोकळी, भकास दिसते. रोपं लहान असताना गाजरगवताची रोपंही त्यातच उगवतात, त्यांची पानं कातरलेली असतात, ती फुलायच्या आधी हातमोजे घालून उपटावी लागतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शाळेच्या कुंपणाला लागून कुणाचं रान असेल तर बी तिकडे जाणार. शेजारी भांडायला येईल आणि त्याचं बरोबर असेल. म्हणून त्या बाजूला कुर्डू नको. तुरे वाळले की बी गळण्याआधी कापून पिशवीत भरावेत आणि लागेल तेवढंच बी पुढच्या वर्षीसाठी ठेवावं. कोवळ्या पाल्याची भाजी घरोघरी होते, मुलांना ती माहीतही असते, पण तणनाशक फवारलेल्या रानातला किंवा रस्त्याकडेचा पाला आणू नका एवढं पालकांनी सांगावं.

आता जागा कशी वाटायची? लॉनचा आकार हौसेवरून ठरवू नका, पाण्यावरून ठरवा. पोषण आहारानंतर दोनशे मुलं हात-ताट धुतात. प्रत्येकी अर्धा लिटर धरला तरी १०० लिटर पाणी गटारात जातं. रोजच्या ५ मिलिमीटरने ते २० चौरस मीटर हरळीला पुरतं. खरकटं जाळीत अडवून ते पाणी चारीने तिकडे वळवायचं. साबण फार वापरत असाल तर आधी एका खड्ड्यात खडी-वाळूतून जाऊ द्यायचं. सुट्टीत पाणी बंद होईल, हरळी पिवळी पडेल, पडू द्या. म्हणजे नळाशेजारी पाच मीटर बाय चार मीटरची हरळी, एक वर्ग गोल करून बसेल एवढी. बाकी उन्हातली मुरमाड पट्टी, शेताची बाजू सोडून, कुर्डूला. काड्या डोबायच्या असतील तर बांधावर हरळी आहेच, विकत आणायची गरज नाही. कुर्डूचं बी मात्र नोव्हेंबर-डिसेंबरातच गोळा करून ठेवावं लागतं, जूनमध्ये शोधून ते मिळत नाही.