आतड्यांच्या दाहविकारांची परिभाषा : शब्दांची फोड आणि अर्थ

पारिभाषिक शब्दाचा अर्थ नेमका व एकच असावा लागतो. तो नीट न कळल्यास काय घडते, हे आतड्यांच्या विकारांसंबंधीच्या काही शब्दांच्या आधारे पाहू.

‘कोलायटिस’ हा शब्द घ्या. ‘कोलन’ म्हणजे मोठे आतडे, तर ‘-आयटिस’ हा ग्रीक प्रत्यय दाह दर्शवितो. ‘टॉन्सिलायटिस’मध्येही तोच आहे. ‘बृहदांत्रदाह’ हा मराठी पर्याय याच पद्धतीने घडला आहे : बृहत् + आंत्र + दाह. मात्र येथे ‘दाह’ म्हणजे केवळ जळजळ नव्हे. सूज, लाली, उष्णता व वेदना यांतून व्यक्त होणारी ती शरीराची प्रतिक्रिया होय. ‘अल्सर’ म्हणजे व्रण. म्हणून मोठ्या आतड्याच्या अस्तराला दाह होऊन व्रण पडतात, तो ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’.

‘क्रोन्स डिसीज’ची अशी फोड होत नाही. बरिल क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यावरून हे नाव रूढ झाले. हा विकार तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गात कोठेही होऊ शकतो, पण व्यक्तिनामातून ते कळत नाही.

हे दोन्ही विकार ‘आयबीडी’ या गटात मोडतात. त्यातील ‘आय’ म्हणजे ‘इन्फ्लमेटरी’, अर्थात दाहयुक्त. ‘आयबीएस’मधील ‘आय’ मात्र ‘इरिटेबल’चा, म्हणजे क्षोभशीलतेचा, आणि ‘एस’ हा ‘सिंड्रोम’चा, म्हणजे लक्षणसमूहाचा. पोटदुखी व जुलाब दोन्हींत असू शकतात. परंतु आयबीडीप्रमाणे आतड्याला दाह होऊन व्रण पडणे आयबीएसमध्ये आढळत नाही. आद्याक्षरे जवळपास सारखी असली, तरी आजार निराळे व उपचारही निराळे.

सर्वांत जपून समजून घ्यावा असा शब्द ‘रेमिशन’ होय. मराठीत ‘बरे वाटणे’ आणि ‘बरे होणे’ असे दोन प्रयोग आहेत. रेमिशन यांपैकी दुसरा नव्हे. आजार शमलेला असतो, पण तो पुन्हा उफाळू शकतो. म्हणून ‘उपशमन’ हा पर्याय योग्य ठरतो. अहवालातील या शब्दाचा अर्थ ‘बरा झाला’ असा लावून रुग्णाने आपल्या मनाने औषधे थांबविली, तर आजार बळावण्याचा धोका असतो. येथे भाषांतरातील चूक प्रकृतीवर बेतते.

स्वाध्याय : ‘गॅस्ट्रायटिस’ व ‘आर्थ्रायटिस’ या शब्दांची फोड करून मराठी पर्याय लिहा.