विश्लेषण : देशच नसलेल्या कुर्दिस्तानला जर्मनीने शस्त्रे का दिली? आणि पुढे त्यांचे काय झाले?

जुलै 2014 मध्ये इराकच्या तिक्रितमध्ये अडकलेल्या केरळच्या 46 परिचारिका मायदेशी परतल्या, तेव्हा त्यांचे विमान बगदादहून नव्हे तर एर्बिलहून सुटले होते. एर्बिल ही इराकमधील स्वायत्त कुर्दिस्तान प्रदेशाची राजधानी. इराक कोसळत असताना हाच एक कोपरा त्यातल्या त्यात सुरक्षित उरला होता. मात्र तो किती दिवस सुरक्षित राहील, हा प्रश्न त्या उन्हाळ्यात अनेक देशांना पडला होता. त्यात जर्मनीही होता. त्याचे उत्तर देताना जर्मनीने आपलाच एक जुना संकेत मोडला.

युद्ध सुरू असलेल्या भागात शस्त्रे पाठवायची नाहीत, हा तो संकेत. दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासामुळे जर्मनीत या विषयावर सरकार कोणत्याही पक्षाचे असो, ताकही फुंकून पितात. मग 2014 मध्ये नेमके काय घडले?

सिंजारचा ऑगस्ट

10 जून 2014 रोजी ‘इस्लामिक स्टेट’ने (आयसिस) मोसुल जिंकले. इराकी सैन्य पळाले आणि त्याची अमेरिकी बनावटीची वाहने, शस्त्रे आयसिसच्या हाती पडली. ऑगस्टच्या सुरुवातीला आयसिसने सिंजार भागावर हल्ला केला. तिथे यझिदी समाजाची मोठी वस्ती होती. कुर्दांचे सैन्य म्हणजे पेशमर्गा (शब्दशः, मृत्यूला सामोरे जाणारे) तिथून मागे हटले. हजारो यझिदी मारले गेले, हजारो स्त्रिया आणि मुलांना गुलाम केले गेले, उरलेले सिंजारच्या डोंगरावर तहानेने तडफडत राहिले.

ही बातमी जर्मनीत दूरची नव्हती. इराकबाहेरचा सर्वात मोठा यझिदी समाज जर्मनीतच राहतो. शिवाय तिथे लाखो कुर्द स्थायिक आहेत. 31 ऑगस्टला अँगेला मर्केल यांच्या सरकारने पेशमर्गांना शस्त्रे देण्याचा निर्णय जाहीर केला. दुसऱ्या दिवशी संसदेत, म्हणजे बुंडेस्टागमध्ये, त्यावर चर्चा आणि मतदान झाले. गंमत अशी, की शस्त्रे पाठवायला या मतदानाची कायद्याने गरज नव्हती. जर्मन सैनिक मोहिमेवर परदेशात पाठवायचे असतील तर संसदेची मंजुरी लागते, नुसत्या बंदुका पाठवायला नाही.

पहिल्या टप्प्यातील मदत सुमारे सात कोटी युरोंची होती. त्यात 16 हजार रायफली आणि ‘मिलान’ या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राचे 30 प्रक्षेपक होते, सोबत 500 क्षेपणास्त्रे. आयसिस ट्रकांना जाड लोखंडी पत्रे ठोकून, आत स्फोटके भरून ते थेट पेशमर्गांच्या मोर्च्यांवर सोडत असे. साध्या बंदुकीच्या गोळ्यांनी असा ट्रक थांबत नाही. मिलानने तो दूरवरच उडवता येत असे, म्हणून कुर्द सैनिकांना हेच शस्त्र सर्वात मोलाचे वाटले. ते चालवायला शिकण्यासाठी काही पेशमर्गांना बव्हेरियातील हामेलबुर्गच्या लष्करी तळावर नेण्यात आले. जानेवारी 2015 मध्ये संसदेने 100 पर्यंत जर्मन सैनिक एर्बिलला प्रशिक्षणासाठी पाठवायला मंजुरी दिली. वर्षभरात ही मर्यादा 150 वर गेली.

या प्रशिक्षणात रासायनिक हल्ल्यापासून बचावाचाही भाग होता आणि त्यामागे एक कटू इतिहास आहे. 16 मार्च 1988 रोजी सद्दाम हुसेनच्या सैन्याने हलब्जा या कुर्द शहरावर विषारी वायू सोडला. सुमारे पाच हजार माणसे मेली. सद्दामच्या रासायनिक शस्त्रनिर्मितीला लागणारी सामग्री ज्या देशांतल्या कंपन्यांनी पुरवली, त्यात जर्मनी ठळक होता. ऑगस्ट 2015 मध्ये आयसिसने मखमूरजवळ पेशमर्गांवर मस्टर्ड वायू वापरला, तेव्हा जर्मनीने दिलेले गॅस मास्क ही कुर्दांसाठी नुसती औपचारिक भेट राहिली नाही.

पण हे सगळे दिले कोणाला?

खरी मेख इथे आहे. कुर्दिस्तान देश नाही. 2005 च्या राज्यघटनेनुसार तो इराकचा एक संघीय प्रदेश आहे. त्याला स्वतःची संसद, पंतप्रधान आणि सैन्य आहे, पण परराष्ट्र धोरण बगदादचे. त्यामुळे एर्बिलमध्ये जर्मनीचा दूतावास नाही, 2009 मध्ये उघडलेले महावाणिज्य दूतावास आहे. (भारतानेही 2016 मध्ये तिथे असेच कार्यालय उघडले.) शस्त्रे देतानाही बगदादची संमती घेण्यात आली आणि ती घेऊन जाणारी विमाने तपासणीसाठी आधी बगदादला उतरत.

दुसरी अडचण अशी, की पेशमर्गा हे एकसंध सैन्य नाही. त्यातल्या तुकड्यांचा मोठा भाग एकतर बारझानी घराण्याच्या ‘कुर्दिस्तान डेमोक्रॅटिक पक्षा’ला मानतो किंवा तालबानी घराण्याच्या ‘पॅट्रिऑटिक युनियन’ला. 1990 च्या दशकात हेच दोन पक्ष एकमेकांशी लढलेही होते. म्हणजे ‘पेशमर्गांना दिले’ असे म्हटले, तरी शस्त्र नेमके कोणाच्या कोठारात गेले, हा प्रश्न उरतोच.

शस्त्रे दुसऱ्या कोणाला देणार नाही, असे कुर्दिस्तान सरकारने लिहून दिले होते. तरी जानेवारी 2016 मध्ये एनडीआर आणि डब्ल्यूडीआर या जर्मन प्रसारण संस्थांच्या पत्रकारांना एर्बिल आणि सुलेमानियाच्या बाजारात जर्मन सैन्याच्या रायफली व पिस्तुले विक्रीला ठेवलेली आढळली. बर्लिनने खुलासा मागितला. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. बगदादने कुर्दिस्तानचा निधी रोखला होता, तेलाचे भाव पडले होते आणि सैनिकांचे पगार महिनोन्‌महिने थकले होते. घरी खायला नाही आणि हातात चांगल्या किमतीची रायफल, अशा माणसाने ती विकली तर त्यात नवल ते काय?

मैत्रीची खरी परीक्षा 25 सप्टेंबर 2017 ला झाली. कुर्दिस्तानने स्वातंत्र्यासाठी सार्वमत घेतले आणि 92 टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. जर्मनीने या सार्वमताला विरोध केला होता. 16 ऑक्टोबरला इराकी सैन्याने तेलसमृद्ध किर्कुक पेशमर्गांकडून परत घेतले. आयसिसविरुद्ध एकाच बाजूने लढलेली दोन सैन्ये आमनेसामने आली आणि जर्मनीने प्रशिक्षण काही काळ थांबवले. शस्त्रे आयसिसशी लढायला दिली होती, त्या लढाईसाठी नाही. पण एकदा दिलेल्या बंदुकीची नळी कुठे वळवायची, हे देणारा ठरवू शकत नाही.

2018 मध्ये केवळ पेशमर्गांसाठीची प्रशिक्षण मोहीम संपली. तिच्या जागी संपूर्ण इराकसाठीची मोहीम आली. एर्बिलमध्ये जर्मन सैनिक त्यानंतरही राहिले, मात्र आता बगदादच्या सैन्यालाही मदत होती. पेशमर्गांच्या पक्षीय तुकड्या एकाच मंत्रालयाखाली आणायच्या कामातही जर्मनी अमेरिका आणि ब्रिटनसोबत सल्लागार आहे. हे काम वर्षानुवर्षे रखडत चालले आहे.

ज्या यझिदींसाठी हे सगळे सुरू झाले, त्यांच्यापैकी अत्याचार सोसलेल्या सुमारे 1,100 स्त्रिया आणि मुलांना जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याने विशेष योजनेतून आसरा दिला. 2018 च्या शांततेच्या नोबेलच्या मानकरी नादिया मुराद त्यांच्यातल्याच. जानेवारी 2023 मध्ये बुंडेस्टागने यझिदींवरील अत्याचारांना वंशसंहार म्हणून मान्यता दिली. त्यानंतर काही महिन्यांतच आश्रयाचे अर्ज फेटाळलेल्या काही यझिदींना जर्मनीने इराकला परत पाठवायला सुरुवात केली. दुहोकजवळच्या तंबूंच्या छावण्यांत तेव्हाही हजारो यझिदी राहत होते. ते अजून सिंजारला परतलेले नव्हते.