विषाचा थेंब आणि गुबगुबीत पान

तुझ्या घरी कोरफड आहे ना? तिचं एक पान मोडून बघ. आत नुसता बुळबुळीत गर! अशी पानात पाणी साठवणारी झाडं म्हणजे सक्युलंट.

कोरफडीची एक चिमुकली नातलग दक्षिण आफ्रिकेत राहते. तिचं नाव हॉवर्थिया. तिच्या काही जातींच्या पानांची टोकं चक्क आरपार दिसतात! झाड मातीत गळ्यापर्यंत बुडालेलं असतं आणि ऊन त्या टोकांतून आत शिरतं. आहे की नाही गंमत?

ही पानं आणखी जाड, आणखी गुबगुबीत व्हावीत म्हणून काही हौशी माणसं काय वापरतात, ओळख पाहू! चक्क विष!

त्याचं नाव कॉल्चिसिन. पावसाळ्यात सह्याद्रीत झुडपांवर चढलेली कळलावी पाहिलीस कधी? लाल-पिवळ्या, नागमोडी पाकळ्यांची? काय सुंदर दिसते! पण तिच्या कंदात आणि बियांत हेच विष असतं. दिसली तर लांबूनच बघायची हं!

आता खरी जादू ऐक. कोरफड असो वा हॉवर्थिया, तिच्या पेशीत सहसा 14 गुणसूत्रं असतात. गुणसूत्र म्हणजे झाड कसं घडवायचं ते सांगणारं पुस्तक समज, आणि पेशी म्हणजे दप्तर. एका पेशीच्या दोन पेशी व्हायच्या असल्या, की आधी सगळ्या पुस्तकांची नक्कल होते. झाली 28! मग पेशी बारीक बारीक दोऱ्या वळते. त्या दोऱ्या 14 पुस्तकं इकडच्या दप्तरात ओढतात, 14 तिकडच्या.

कॉल्चिसिन काय करतं? दोऱ्या वळूच देत नाही! ओढायला कुणी नाही, म्हणून 28 पुस्तकं एकाच दप्तरात! दप्तर फुगणारच ना? पेशी मोठी होते, पान जाड होतं. पानावरची श्वासाची छिद्रंसुद्धा मोठी होतात. सूक्ष्मदर्शकातून ती छिद्रं मोजली, की बदल झाला असावा हे कळतं!

1937 साली अमेरिकेत अल्बर्ट ब्लेक्सली यांनी हा प्रयोग केला, तो कशावर माहितेय? आपल्या ओळखीच्या धोतऱ्याच्या भाईबंदांवर! विषारी झाडावर विषाचाच प्रयोग!

पण हे काम सोपं नाही बरं. कॉल्चिसिनचं द्रावण जरा जास्त झालं, की कोवळी रोपं मरतात. काही जगतात, पण अर्धवट बदलतात. उरलेली हळूहळू वाढतात. वाट बघायला फार धीर लागतो, आणि मला त्या धीराचंच जास्त कौतुक वाटतं.

बरं, 28 वालीचं 14 वालीशी लग्न लावलं तर? आईबाबा दोघंही आपली अर्धी अर्धी पुस्तकं देतात. 14 आणि 7. बाळाकडे 21! आता 21 च्या जोड्या लावून बघ. जमतच नाही! म्हणून अशा झाडाला बहुधा बी धरत नाही. पण हॉवर्थियाचं त्यावाचून अडत नाही. तिचं निरोगी पान बुडापासून अलगद काढून वाळूत ठेवलं, तर त्यातूनही नवं रोप फुटू शकतं!