भिंतींचे दृढीकरण, तंतुप्रबलित बहुवारिकांद्वारे
विटांची वा दगडांची भिंत दाब उत्तम सोसते, ताण मात्र फारसा सोसत नाही; त्यामुळे भूकंपात तिला तिरप्या भेगा पडतात. म्हणून कार्बन वा काचेच्या तंतूंचे कापड एपॉक्सी रेझिनाने तिच्यावर चिकटवितात. ते ताण पेलते आणि वजन जवळजवळ वाढवीत नाही. कापड सहसा तुटत नाही. विटेचा पापुद्रा घेऊन सुटते. म्हणून त्याची टोके नीट जखडावी लागतात. हे रेझीन सामान्यतः सु. ६०°–८०° से. तापमानास मऊ पडू लागते, शिवाय भिंतीतील ओल कोंडते. जुन्या वास्तूंत चुन्याच्या गिलाव्यात बसविलेली तंतुजाळी अधिक इष्ट. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे आतील व बाहेरील थर विलग होऊन हजारो माणसे गाडली गेली. अशा भिंतीवर नुसते कापड चिकटवून भागत नाही; दोन्ही थर प्रथम आरपार दगडांनी वा सळयांनी सांधावे लागतात.